शोकाकुलांच्या यादीत शशी नाही

सुदामा नगर, इंदूर
१० फेब्रुवारी २०२५

शशी वन्सं यांस,
इंदुमतीचा स. न. वि. वि.

सुतक आहे म्हणून वर श्री घातलेला नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून नातीला, श्रियाला, बसवून सांगते आहे. सुदामा नगर ते छत्रीबाग वीस मिनिटांची रिक्षा, आणि मी कागद पाठवते आहे. हसायचं तर हसा.

तुमचा सख्खा भाऊ गेला, आणि तुम्हाला ते पेपरातून कळलं. ते माझ्यामुळे. अच्युत भावोजी गेले त्याच घटकेला आमच्या जयेशने विचारलं होतं की शशीआत्याला कळवू का. मी म्हटलं, तू राहू दे बेटा, मी कळवते. आणि कळवलंच नाही. मला फोन लावता येत नाही हे निमित्त. लावून देणारे घरात चार जण होते.

उठावन्याच्या, त्या तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेच्या, जाहिरातीचंही ऐका. जयेशने घाईत ह्यांच्या वेळचं, म्हणजे तुमच्या मोठ्या भावाच्या वेळचं, कात्रण काढलं आणि वरचं नाव न् फोटो तेवढा बदलला. त्यामुळे आपले भावोजी एकदम मृदुभाषी झाले! सांवेर रोडच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनींच्या वर ज्यांचा आवाज जायचा, ते. रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवायचे तेव्हा असल्याच शब्दांना हसायचे. म्हणायचे, वहिनी, हा मिलनसार होता म्हणे. शेजाऱ्याला जन्मात राम राम केला नाही त्याने.

त्या कात्रणात खाली शोकाकुलांमध्ये तुमचं नाव होतं. जयेशने सगळी नावं मला वाचून दाखवली. तुमच्यापाशी आला तेव्हा मी म्हटलं, हे काढ. सहा वर्षांपूर्वी सार्थकच्या मुंजीत, भर पंगतीत, तुम्ही सांगितलं होतंत ना, की आमची वहिनी बँकेत अजून अंगठा लावते? ते धरून बसले होते. नाव काढायला लिहिता यावं लागत नाही.

रविवारी तेराव्याला या. त्या दिवशीच्या पेपरात परत छापवते, तुमचं नाव सगळ्यांत वर.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.
तुमची वहिनी,
इंदुमती


छत्रीबाग, इंदूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
शशिकलेचा सा. न. वि. वि.

पत्र श्रिया देऊन गेली. चहा घे म्हटलं तर थांबली नाही.

त्या दिवशी सवयीने आधी तेच पान उघडलं. आपल्या वयात दुसरं कुठलं उघडणार? अच्युतचा फोटो पाहिला. साडी बदलली, चपला घातल्या. मग खालची नावं दोनदा वाचली आणि चपला काढून ठेवल्या. उठावन्यात कुणी विचारलं असतं, आप कौन, तर काय सांगणार होते?

अंगठ्याचं बोलले ते वाईटच. चाळीस वर्षं वर्गात मुलांना सांगितलं, कुणाला हसू नका, आणि घरच्या माणसाला चारचौघांत हसले. त्याची माफी मागायला मला सहा वर्षं पुरली नाहीत. पण वहिनी, त्यासाठी भावाचं तोंडही पाहू द्यायचं नाही?

नाव छापू नका. एकच सांगा. अच्युत आठ दिवस दवाखान्यात होता हेही मला पेपरानंतरच कळलं. तुम्ही उशाशी होतात. त्याने माझी आठवण काढली का? नसेल काढली तरी खरं लिहा. दुसऱ्या कुणाला विचारू?

मुलांना आशीर्वाद. कृपा असावी, हे सवयीने लिहिते आहे.
शशिकला


सुदामा नगर, इंदूर
१३ फेब्रुवारी २०२५

शशी वन्सं,
नमस्कार.

उत्तर सांगायला बसले आणि पहिल्यांदा खोटंच सांगितलं, की ते शुद्धीत नव्हते. श्रियाने लिहिलंही. मग तो कागद फाडायला लावला.

काढली. पहिल्याच दिवशी म्हणाले, शशीला बोलवा. मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलावू, इथे कशाला गर्दी. तिसऱ्या दिवशी परत म्हणाले. मी सांगून टाकलं, कळवलंय, येतील. मी कळवलं नव्हतं, वन्सं. त्यानंतर पाच दिवस दार वाजलं की ते मान वळवायचे. कधी नर्स असायची, कधी झाडूवाली. शेवटच्या दिवशी मास्क बाजूला करून मला म्हणाले, तिची तब्येत बरी नसेल, वहिनी, तुम्ही तिच्यावर रागावू नका.

म्हणजे तुम्ही निरोप मिळूनही आला नाहीत, असं समजून ते गेले. मला वाटलं होतं, चार दिवस तुम्हाला थोडं झुरवू, मग बोलावू. चार दिवस माझ्या हातात आहेत असं धरून चालले होते.

श्रिया लिहिते आहे, पण माझ्याकडे बघत नाही. घरात अजून कुणाला ठाऊक नाही. रविवारी सगळे जमले की मी उभी राहून सांगणार आहे. पण माझी जीभ तुम्ही ओळखता. बोलता बोलता गोड करीन, थोडं दवाखान्यावर ढकलीन, थोडं नशिबावर. तुम्ही समोर बसला असाल तर ते जमणार नाही. त्यासाठी या.

लोभ मागायला तोंड नाही. राग असू द्यावा, पण समोर बसून.
इंदुमती