गलगंडामागची ग्रंथी

सोनूताई,

माझीही हाडं तुझ्यासारखीच ठिसूळ झाली आणि गळ्याला तसाच गलगंड आला. तुझ्याच डॉक्टरांनी माझ्या गळ्याचा एक्स-रे फोटो काढला. म्हणाले, "गलगंडाची सावली दिसतेय. पण हाडं पोखरणारी बारीक ग्रंथी त्याच्यामागे लपलीय, ती फोटोत येत नाही. गळा उघडूनच शोधावी लागेल."

"ताईची सापडली नव्हती. म्हणून ती गेली," मी म्हटलं.

त्यांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली. खाली रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा घोषणा देत चालला होता.

माझी सापडली, ताई. गलगंडाच्या अगदी मागे होती, चिंचोक्याएवढी.

नायगावला घरी आल्यापासून आई मला तुझ्या नावानं हाक मारते, आणि मी ओ देते.

तुझीच,
बकुळा