कबुतरांची हवा

ताजगंज, आग्रा

प्रिय राबिया बेटी,

हे फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझा बाप आता गच्चीवर चढत नाही. साठच्या साठ कबुतरं शेजारच्या लतीफने नेली. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मुनव्वर मियाँ, वीस वर्षं माझी पाखरं फितवून तुमच्या गच्चीवर उतरवलीत, आज अख्खी फौजच शरण?" मी हसलो. तोंडाला फडकं बांधत जा म्हटलं, तर तोच हसला. रिकामे पिंजरे धुऊन काढले. काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

दम लागतो म्हणून नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्यांनी पहिलंच विचारलं, "घरात कबुतरं आहेत?" तुझ्या अम्मीच्या चार वर्षांच्या खोकल्यात हे कुणी विचारलं नव्हतं. विडीचं विचारलं, टीबीच्या गोळ्या सहा महिने चारल्या. बाई म्हणाल्या, पिसांची, विष्ठेची बारीक धूळ काहींच्या फुफ्फुसांना सोसत नाही. आधी सूज येते, मग आत व्रण धरत जातात आणि फुफ्फुस ताठ होतं. मी बुटांच्या तळव्यांवर संसार उभा केलेला माणूस, लगेच समजलो. भिजून वाळलेलं चामडं. कितीही तेल लावा, पुन्हा वाकत नाही. मग त्यांनी माझ्या छातीवरची नळी माझ्याच कानांना लावली. श्वासागणिक चरचर, सँडलची वेल्क्रोपट्टी हळू उचकटावी तशी. आवाज ओळखीचा निघाला. अम्मीची पाठ चोळताना ऐकला होता. तेव्हा मी थट्टा केली होती की कनीज, तुझ्या पाठीत कुणीतरी सँडल काढतंय. ती हसली, मग खोकत राहिली.

आपल्याकडे सगळेच मानतात, कबुतराच्या पंखांची हवा म्हणजे लकव्यावर, दम्यावर औषध. तिचा दम वाढला तसा मी मोठा पिंजरा तिच्या खाटेशी आणला. ती म्हणाली, "जरा लांब ठेवा ना." मी आणखी जवळ सरकवला. एकेक पाखरू हातात धरून तिच्या तोंडाशी फडफडवायचो. रोज, सकाळ-संध्याकाळ, ती जाईपर्यंत.

तुझ्या लेकीच्या जन्माला मी दिलेली पांढरी जोडी तू निजायच्या खोलीत ठेवतेस. ईदला फोनवर तू दोनदा खोकलीस आणि धुळीवर ढकललंस. माझे कान अजून शाबूत आहेत, बेटी. जोडी आजच्या आज घराबाहेर काढ. डॉक्टरकडे जा आणि नाव सांगायच्याही आधी कबुतरांचं सांग. वेळेत कबुतरांपासून लांब झालं तर सूज उतरते म्हणे, व्रण जात नाही. अम्मीचं मी तुला कधीच सांगणार नव्हतो. पण त्याशिवाय तू ती जोडी सोडली नसतीस.

तुझाच,
अब्बा