सोमवारच्या चार चौकटी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा दैनिकात चित्रपट्टी काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. उजवा हात थरथरतो, पण रेघ अजून चुकत नाही. लग्न केले नाही, मूलबाळ नाही, म्हणून वाटणी सोपी आहे. सांगायचे आहे ते मात्र सोपे नाही.

१. माझी राहती दोन खोल्यांची जागा सामानासह माझ्या कै. थोरल्या भावाच्या पत्नीस, म्हणजे वहिनींना, मिळावी. कलम पाच वाचून त्यांचे माझ्याविषयी काहीही मत झाले तरी जागा त्यांचीच राहील. ही भरपाई नव्हे. दादाने आणि त्यांनी मला आठ वर्षे आपल्या एकुलत्या एका खोलीत ठेवून घेतले, त्याची ही परतफेडही नव्हे. तेवढी मोठी जागा माझ्याकडे नाही.

२. उतरते टेबल, टाक, ब्रश, शाईच्या बाटल्या आणि बँकेत जे काही असेल ते पुतणीला. ती शाळेत चित्रकला शिकवते. "काका, कॉम्प्युटरवर काढा की, वेळ वाचेल," असे ती दर भेटीत म्हणते. वाचलेल्या वेळाचे काय करायचे ते अजून तिने सांगितलेले नाही. टेबलाचा डावा पाय आखूड आहे. त्याखालची जुन्या अंकांची घडी काढू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. दैनिकाचे माजी व्यवस्थापक मोठी जाहिरात आली की माझी चौथी चौकट कापायचे. असे चौदा वेळा झाले. विनोदाचा शेवट कापायचा आणि वर लोकांनी हसावे म्हणायचे! त्यांना माझ्याकडून काही नाही. शोकसभा झालीच तर भाषणही त्यांना देऊ नये.

४. माझी पट्टी एकतीस वर्षे एकही दिवस न चुकता आली. तिच्यातला शिडीराव म्हणजे माझा दादा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीराव दर सोमवारी शिडीवरून पडायचा आणि चौथ्या चौकटीत उठून विचारायचा, "रंग सांडला नाही ना?" दादा अंक घेऊन यायचा आणि म्हणायचा, "अरे, पुढच्या वेळी डाव्या कुशीवर पाड, उजवी दुखतेय."

५. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरची पाटी रंगवताना दादा खरोखरच पडला. तो उठला नाही. पट्ट्या मी तीन आठवडे आधी देतो, त्यामुळे सोमवारची केव्हाच दैनिकात जाऊन पडली होती. ती छापून आली. वहिनींनी अंक माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, हे आज यायला हवं होतं का हो?"

"पान आधीच छपाईला सुटलं होतं, वहिनी. माझ्या हातात काही नव्हतं."

हे खोटे आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता उपसंपादकांचा फोन आला होता. "उद्याची पट्टी काढून टाकू का? जागा कोरी सोडतो." एकोणीस वर्षांत खंड पडला नव्हता. दादाला निरोप देऊन एक दिवसही झाला नव्हता, तरी मला तो खंड दिसला. मी म्हणालो, "राहू द्या. येऊ द्या."

नातेवाईक मला नाही नाही ते बोलले, तेव्हा वहिनी माझ्या बाजूने भांडल्या. "त्यांच्या हातात काय होतं?" हे त्या बारा वर्षे सांगत आल्या आहेत. माझे रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच असते. ते ताट जाईल या भीतीने मी तोंड उघडले नाही. मला याची लाज वाटते.

६. तयार पट्ट्या अठरा आहेत. मी गेल्यावर त्या छापायच्या की फाडायच्या, हे वहिनींनी ठरवावे. त्या नको म्हणाल्या तर दैनिकाने त्याच दिवशी थांबावे.

७. हे मृत्युपत्र वकिलाकडे न ठेवता मी आज वहिनींच्याच कपाटात ठेवायला देत आहे. पाकीट चिकटवलेले नाही. तोंडाने सांगण्याचे धैर्य या वयातही झाले नाही, एवढेच जमले. त्यांनी ते उद्या उघडले तर मी हयात असेन आणि नेहमीप्रमाणे साडेसातला त्यांच्या दारात जाईन. दार उघडले नाही तर मी ते दुसऱ्यांदा वाजवणार नाही, हे येथे लिहून देतो.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ११ मार्च, सोमवार
(सही) पट्टीवाला

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. (सही) लिहिणाऱ्याची शुद्ध व स्मरण उत्तम आहे.

साक्षीदार २: निवृत्त उपसंपादक. (सही) वरील सही माझ्यासमोर झाली. रविवारचा तो फोन मीच केला होता. त्यांचे उत्तर ऐकून मी पुन्हा एकदा विचारायला हवे होते. विचारले नाही.