माझ्या भट्टीची वीट

३ एप्रिल
निवृत्त होताना कारखान्याने दिलेली निओडिमियम धातूची वीट आज तेलाच्या डब्यातून काढली. साबणाच्या वडीएवढी. पुसली. चांदीने झक मारावी! सव्वीस तारखेला आमच्या लेकीचे, रुइछिनचे, होणारे सासू-सासरे मुलाला घेऊन जेवायला येणार. व्याही दुआन यांची बाओतोउ शहरात मटण-शाओमाईची, म्हणजे वाफवलेल्या मटणाच्या पुरचुंड्यांची, तीन हॉटेलं. आपल्याकडे दाखवायला काय? जन्मभर भट्टीपुढे भाजलो, त्याची ही एक वीट. तीच दाखवणार. फडताळावर, मधोमध.

गुइलिआन म्हणाली, अहो, तेलात ठेवा, हवा लागली की धातू सडतो म्हणून तुम्हीच पोरांवर ओरडायचात ना? म्हटलं, ते साध्या धातूचं. ही माझ्या भट्टीची आहे. बायकोचा जन्म पॅकिंग खात्यात गेला, तिला सगळंच गुंडाळून ठेवावंसं वाटतं.

५ एप्रिल
दुआनना फोन. सांगितलं, मोबाइलचा स्पीकर, विजेच्या गाडीची मोटर, पवनचक्की, सगळ्यांतलं तगडं चुंबक आमच्या धातूचं. ते म्हणाले, वा! मग लोखंडाला चिकटवून दाखवा. म्हटलं, अवश्य.

फोन ठेवून फ्रिजला लावून पाहिली. पायावर पडली. नुसता निओडिमियम चिकटत नाही, त्यात लोखंड आणि बोरॉन लागतं. माहीत होतं हो. बोलण्याच्या भरात राहून गेलं.

९ एप्रिल
वीट जराशी पिवळट. गोबी वाळवंटाची धूळ, दुसरं काय! उद्यापासून रोज सकाळी पुसणार.

१४ एप्रिल
पुसायचं राहिलं. पाय सुजलाय. वीट आता करडी. धूळ नव्हे, गुइलिआनचं हवा ओलसर ठेवायचं वाफेचं मशीन शेजारीच फुसफुसतं. म्हटलं, मशीन हलव. म्हणाली, वीट हलवा. दोन्ही जागच्या जागी.

१९ एप्रिल
पांढऱ्या व्हिनेगरने घासली. पितळ त्यानेच उजळतं. वीट फसफसली. मळ निघतोय म्हणून आनंद झाला. वाडग्यात गुलाबी-जांभळं पाणी. मळ कसला, वीटच निघत होती.

तेवढ्यात रुइछिन आली. म्हणाली, बाबा, विटेचं राहू द्या ना, मला लाज वाटते. मी भडकलो. लाज कशाची म्हणून ओरडलो. मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. लाज मलाच वाटते, ती पोरीला काय सांगायची? त्यांच्या घरात जाताना तिच्या पाठीशी बाप म्हणून काहीतरी चकाकतं असावं, एवढंच.

२५ एप्रिल
एक कोपरा गळाला. हरकत नाही. खाली लाल मखमल, वर लाल रुमाल, दिवा लांबचा. उद्या लखलखणार.

२६ एप्रिल, संध्याकाळ
जेवण उत्तम. मी उठलो, घसा खाकरला, रुमालाला हात घातला. अर्धाही निघाला नव्हता, तोच विहीणबाई म्हणाल्या, अगंबाई, काय ही चकाकी! दुआन म्हणाले, डोळे दिपले! जावईबापूंनी टाळ्याच पिटल्या. माझी छाती फुगली.

मग रुमाल पुरता निघाला. मखमलीवर तपकिरी भुगा, मध्ये बुटकी, खरबरीत वीट. टाळ्या चालूच. रुइछिनकडे पाहिलं. ती मान खाली घालून टेबलक्लॉथची दशी ओढत होती. तिने सगळ्यांना आधीच पढवून ठेवलं होतं. लोखंडाला चिकटवायची आठवणसुद्धा कुणी काढली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे गेल्यावर उरलेली वीट उचलली आणि तेलाचा डबा कुठे ते विचारलं. गुइलिआनने डबा पुढे केला. तीन तारखेपासून तिने तो तेलासकट तसाच झाकून ठेवला होता.