दाजी कशाला रडतात

मलकापूर,
६ जानेवारी २०२५

चि. गणपत यास,
आक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. संयोगितेला घेऊन पिक्चरला गेलास हे चांगलं केलंस. पण तीन पानांच्या पत्रात अडीच पानं पिक्चर आणि अर्धं पान खुशाली, ही तुझी खोड काही जात नाही. हिरो म्हातारा झालाय आणि नाचताना त्याला दम लागतो एवढं कळलं. बायकोच्या गुडघ्याचं काय झालं ते मात्र लिहायचं राहिलं.

माझ्या कानांचं विचारलंस. ते गेले ते गेले. कोल्हापुरात घेतलेलं मशीन नुसत्या शिट्ट्या मारायचं, आता शिट्टीही ऐकू येत नाही म्हणून कपाटात ठेवून दिलं. डॉक्टर म्हणतात नसच वाळली. फोन उचलून मी काय करू? मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. तू आपलं पत्रच लिहीत जा.

तुझ्या दाजींचं तसंच आहे. श्रावणात झटका आला तेव्हा उजवं अंग आणि वाचा गेली, ती अजून परतली नाही. कान शाबूत आहेत, हाक मारली की बघतात. देवानं वाटणी कशी केली बघ. त्यांना ऐकू येतं पण बोलता येत नाही, मला बोलता येतं पण ऐकू येत नाही. दिवाळीत अनुजा आली, बापाला विरंगुळा म्हणून मोठा टीव्ही भिंतीला लावून दिला आणि बेंगळुरूला परत गेली. लेक गुणाची आहे, पण नोकरी आहे तिला. दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघं पिक्चर बघतो. मी चित्रांवरून गोष्ट जुळवते आणि ह्यांना सांगत बसते.

आता खरं काम. दिवाळीनंतर हे रडायला लागलेत. पिक्चर सुरू झाला की डावा हात टीव्हीकडे करतात, मग माझ्याकडे बघतात, पुन्हा टीव्हीकडे. डोळ्यांतून पाणी. पाटी दिली तर नुसत्या रेघोट्या येतात. पिक्चरमध्ये कुणीतरी असं काहीतरी बोलत असणार की ते ह्यांच्या काळजाला लागतं, आणि नेमकं तेच मला ऐकू येत नाही. काल रविवारी मराठी चॅनेलवर जो लागला होता तो शोधून बघ. काळ्या चष्म्याचा एक चोर उसाच्या ट्रॉलीवरून उडी मारतो, तो. त्याच्या पुढं कोण काय बोलतं ते मला कळव. सारा जन्म ह्यांच्याबरोबर काढला आणि आता ह्या माणसाला काय हवंय एवढंही मला कळेना. मला दुसरं काही नको गणपत, तेवढं कळू दे.

संयोगितेला आशीर्वाद. उत्तराला उशीर लावू नकोस आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर,
१३ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
गणपतचा सा. न. वि. वि.

पिक्चर मोबाईलवर सापडला. मी आणि संयोगितेनं दोन बैठकांत बघितला. पहिली गोष्ट, तो काळ्या चष्म्याचा माणूस चोर नाही, फौजदार आहे. खरा चोर तो पांढऱ्या टोपीवाला, ज्याला बघून तू दाजींना म्हणाली असशील की बघा, किती देवमाणूस. पिक्चर बरा आहे, पण भाकरीच्या पिठाला पाणी जास्त झाल्यासारखा पसरलाय. फौजदाराच्या आईचं काम करणारी बाई झकास. संयोगितेला गाण्यातल्या साड्या आवडल्या, गाणी नाहीत.

ट्रॉलीपुढचा प्रसंग मी पुन्हा लावून बघितला. फौजदार आणि त्याचा थोरला भाऊ शेताच्या बांधावर भेटतात. थोरला म्हणतो, भांडण लोकांनी लावलं आणि आयुष्य आपलं गेलं, चल घरला. इतकंच बोलणं आहे. पण मला वाटतं गोम इथंच आहे. विहिरीच्या पाण्यावरून दाजी आणि त्यांचे भाऊ आण्णा बोलायचे थांबले, ते अजून बोललेले नाहीत. भाऊ भावाला भेटतो आणि दाजी रडतात, याचा दुसरा काय अर्थ? आण्णांना बोलावून घे. लाजू नकोस, तेही म्हातारे झालेत.

गुडघा संयोगितेचा नव्हे, माझा दुखतोय. बाकी सगळं ठीक. लहान भावावर लोभ आहे तो असाच वाढता ठेवावा.
आपला,
गणपत


मलकापूर,
२७ जानेवारी २०२५

चि. गणपत यास,
अ. उ. आ.

आण्णांना निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी केळीचा घड घेऊन आले. अंगणात गाडी दिसली तसा मी टीव्ही बंद केला. आईची शिस्त तुला माहीत आहे, घरात माणूस आलं की आधी रेडिओ बंद, मग पाण्याचा तांब्या. मी अजून मोडलेली नाही. आण्णांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलासारखे रडले. शेजारची खैरुनबी रोज सकाळी ह्यांना कुशीवर वळवायला येते, तीही आण्णांच्या मागोमाग आली होती, तिनंही पदर डोळ्याला लावला. हे मात्र कोरडे ठणठणीत. आण्णांच्या खांद्यावरून बंद टीव्हीकडे हात करत राहिले. आण्णांना वाटलं आपल्याला जा म्हणताहेत. चहा अर्धा टाकून उठले बिचारे. मी हाका मारत फाटकापर्यंत गेले, ते काहीतरी बोलले, काय बोलले देव जाणे. होतं त्यापेक्षा वाईट करून बसलो आपण.

काल लग्नातल्या बँडवाल्यांचा पिक्चर होता. विनोदी असावा, कारण एक जाड बाई त्या सनईवाल्याच्या प्रेमात पडून त्याच्या मागं मागं पळत होती. मी हसून बेजार. पडद्यावर बँडवाल्यांनी ढोल उचलले आणि हे पलंगाच्या कठड्यावर डाव्या हातानं बुक्क्या मारायला लागले. मनगट लाल झालं, तरी थांबेनात. मी हात धरला तर माझा हात झटकला. आजवर कधी माझा हात झटकला नव्हता त्यांनी. हा पिक्चर बघ आणि त्यात काय विषारी आहे ते मला सांग. मी आता थकले रे.

माझ्यावर न रागावता लिहीत राहा.
तुझी,
आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

ती जाड बाई सनईवाल्याची सासू आहे, आक्का. तू दाजींना काय काय सांगितलंस कोण जाणे. पिक्चर अगदी टाकाऊ. संयोगिता मध्यंतराच्या आत झोपली. ढोल वाजतात तेवढा भाग बरा आहे, बाकी विनोद असे की पाहुण्यांनी आपणहून उठून घरी जावं. मी कागद घेऊन बसलो होतो, पण लिहून घ्यावं असं एक वाक्य सापडलं नाही. ढोल वाजत असताना तर कुणी काही बोलतच नाही.

आण्णांचं वाचून फार वाईट वाटलं. दोष माझा आहे, सल्ला मी दिला.

मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले अशा झटक्यानंतर काही माणसांना कारण नसताना रडू येतं, त्याचा अर्थ लावत बसू नका, थोडे दिवस टीव्ही बंद ठेवून बघा. मला ते पटलं असं नाही, पण माझ्याकडं दुसरं काही नाही. गुडघ्यामुळं एसटीची पायरी चढवत नाही, फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही, आणि इथं खुर्चीत बसून मी दुसऱ्यांचे पिक्चर बघतोय. माझी मलाच चीड येते.

दाजींना नमस्कार सांग. रागावली असलीस तरी माझं नाव मनातून काढू नकोस.
आपला,
गणपत


मलकापूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. गणपत यास,
आशीर्वाद.

तुझ्या डॉक्टरचं ऐकून टीव्ही बंद ठेवला. ह्यांनी पलीकडच्या भिंतीकडे तोंड केलं. घास पुढं केला की ओठ घट्ट मिटायचे. खैरुनबीनं पाटीवर लिहून मला झापलं की माणूस उपाशी मरंल, तुमचं काय डोकं हाय का न्हाय. शेवटी मीच टीव्ही लावला. हे वळले, बघितलं, आणि पुन्हा रडले. पण दूधभात खाल्ला.

कारण नसताना रडतात म्हणे. तुझा डॉक्टर त्यांना ओळखतो का? कारण नसताना पानाचा विडा खाल्ला नाही ह्या माणसानं. काहीतरी मागताहेत, गणपत. रोज मागताहेत, माझ्या तोंडाकडे बघून मागताहेत, आणि मी ठोंब्यासारखी त्यांना पिक्चरची गोष्ट सांगते, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नाही. तुझे सल्ले आता पुरेत. जमलं तर ये, नाही जमलं तर तसं लिही.
आक्का


राजारामपुरी, कोल्हापूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. संयोगितेनं गुडघ्याला तेल लावलं आणि चार शब्द ऐकवले. तुझी शेंगदाण्याची चटणी तिला फार आवडली.

आता बैस आणि मग पुढचं वाच.

मी न कळवता आलो. बेल दाबली, कडी वाजवली, पण तुला काय ऐकू येणार? दार नुसतं लोटलेलं होतं, तसा आत आलो. तुझी पाठ माझ्याकडं होती. पडद्यावर दोन माणसं तावातावानं भांडत होती, तू दाजींना सांगत होतीस की हे जमिनीवरून चाललंय, आणि खोलीत तुझ्या बोलण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. मला आधी वाटलं माझेच कान गेले.

आक्का, टीव्हीचा आवाज शून्यावर होता. रिमोट उशीखाली दबला असेल नाहीतर पुसताना बटण दाबलं गेलं असेल. तुला ते कळणं शक्य नव्हतं. आणि आम्हाला तरी कसं कळावं? खैरुनबी सकाळी येते तेव्हा टीव्ही लागत नाही, आणि दुसरं कुणीही आलं की तू आधी तो बंद करतेस. परवा मी येताना दिसलो असतो तर माझ्यासाठीही केला असतास. दिवाळीपासून दाजी मुके पिक्चर बघताहेत आणि तुला एवढंच सांगताहेत की आवाज वाढव. आपण मात्र त्यात भाऊबंदकी शोधत बसलो.

मी रिमोट उचलून आवाज वाढवला. दाजींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटले आणि नुसते ऐकत राहिले. तेवढ्यात तू वळलीस, मी दिसलो, आणि तू घाईघाईनं टीव्ही बंद करायला हात पुढं केलास. मी रिमोट ओढून घेतला म्हणून रागावलीस, पाहुण्यासारखं वाग म्हणालीस. पाटी समोरच होती. पण तुझ्या चेहऱ्याकडं बघत हे लिहायला माझा हात उचलला नाही. टीव्ही चालू राहू दे एवढंच लिहिलं आणि चहा प्यायलो. भित्रा म्हण हवं तर.

यात तुझी चूक नाही. माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.
आपला,
गणपत


मलकापूर,
३ मार्च २०२५

चि. गणपत यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र एकदाच वाचलं, पुन्हा हातात घेववलं नाही. आधी तुझा राग आला. समोर बसून माझा चहा प्यायलास आणि गप्प राहिलास. मग माझाच राग आला. धडधाकट कानांच्या माणसाला मी मुक्या पेटीपुढं बसवलं आणि वर विचारत राहिले की का रडता. एवढे महिने त्यांच्या कानावर फक्त माझी बडबड, तीही फौजदाराला चोर आणि सासूला प्रेयसी करणारी. ह्यांच्या पायांशी बसून माफी मागितली. ते टीव्ही बघत होते.

आवाज चालू आहे का बंद, हे अजूनही मला कळत नाही. टीव्हीच्या अंगाला तळहात लावते, आतून थरथर लागली की समजते. खैरुनबी आता दुपारीही डोकावते आणि मान हलवून सांगते. कुणी आलं तरी टीव्ही चालू ठेवते. आण्णांनाही टीव्हीचं सगळं पत्रात लिहून कळवलंय, ते पाडव्याला येतो म्हणतात.

हे रडायचे थांबले. तेवढंच मागत होते. पण आता माझ्याकडे बघतही नाहीत, पिक्चरकडे बघतात. मला वाईट वाटतं आणि वाईट वाटून घेतल्याची लाजही वाटते.

काल जत्रेतल्या तमाशाचा पिक्चर होता. मला काही तो आवडला नाही, नुसती धूळ आणि धावपळ. मी सवयीनं सांगायला लागले की हा म्हातारा नक्की त्या पोरीचा बाप असणार. ह्यांनी डावा हात वर केला, ओठ हलवले. मी आपली सांगतेच आहे. खैरुनबी उंबऱ्यात उभी होती, ती हातातलं सगळं टाकून धावत आली. हसत होती का रडत होती कळेना. पाटीवर लिहिलं, भाऊ बोलले की. मी विचारलं, काय बोलले? ती लिहीना. पाटी पुन्हा तिच्या हातात कोंबली, तेव्हा मान खाली घालून तिनं लिहिलं, गप.

श्रावणानंतरचा त्यांचा पहिला शब्द, गणपत. मलाच म्हणाले, आणि मला ऐकू आला नाही. मी त्यांच्या तोंडाशी तोंड नेलं आणि म्हटलं, पुन्हा म्हणा. ओठ हलले. खैरुनबीनं मान डोलावली. मी म्हटलं, अजून एकदा म्हणा. पिक्चर संपला तरी मी म्हणा म्हणा म्हणत होते, ते म्हणत होते, आणि खैरुनबी आमच्या दोघांच्या मध्ये तोंडाला पदर लावून बसली होती.

संयोगितेला आशीर्वाद. तू लिहीत राहा, मला तेवढंच ऐकू येतं.
तुझी,
आक्का