निराधार आजींच्या बुगड्या

३ नोव्हेंबर

सूड.

हा शब्द तीनदा लिहायचा होता, पण पतसंस्थेनं दिलेल्या डायरीत रेघा फार जवळजवळ आहेत. एकदाच लिहितो. वजन तेवढंच.

सीमा गेली. चार वर्षं माझ्या एजन्सीत शिकली आणि आज दौंडला स्वतःची एजन्सी उघडली. नाव काय, तर 'ओळख'. त्यात काय ब्रँडिंग आहे? आमचं बघा. 'करुणा ३६०'. समाजसेवी संस्थांचं मार्केटिंग करणारी शिरूरमधली पहिली आणि एकमेव एजन्सी. ब्रीदवाक्य, 'दुःख तुमचं, ब्रँडिंग आमचं'. मीच सुचवलं. सीमा तेव्हा काही बोलली नव्हती. आता कळतंय, मनातून जळत होती.

जाण्याचं कारण एकदम फालतू. पाबळच्या अपंग मंडळाच्या फ्लेक्सवर 'संकल्पना' म्हणून माझा गॉगलवाला फोटो टाकला. तो मंडळाच्या मुलांपेक्षा मोठा झाला. ती म्हणाली, सर, हा फ्लेक्स नक्की कुणाचा आहे? मी म्हणालो, एजन्सी कुणाची आहे? तिनं राजीनामा टाइप केला. प्रिंटही तिनंच काढली, कारण प्रिंटर मला चालवता येत नाही.

संकल्प: सीमा "सर, चुकलं" म्हणत परत येईपर्यंत दाढी करणार नाही.

६ नोव्हेंबर

दाढी केली. वाढलेल्या दाढीतून सूड दिसतो. शत्रू सावध होतो. खाजतही होतं.

ऑफिस आवरलं. भिंतीवर सीमानं तिच्या अक्षरात चिकटवलेला कागद होता: 'आधी नाव. मग चहा. मग फोटो.' तिची कामाची पद्धत. म्हणजे गरीब माणसाचा फोटो काढायचा असेल तर आधी त्याचं नाव विचारायचं, त्याच्याबरोबर चहा प्यायचा, मग फोटो काढायचा, तोही त्याला दाखवायचा, आणि तो नको म्हणाला तर पुसून टाकायचा! असल्या लाडांपायी माझी चार वर्षं वाया गेली. कागद टराटरा फाडणार होतो, पण पाठकोरा निघाला. ठेवून दिला.

टेबलाचा पाय हलत होता. ड्रॉवरमध्ये कुणाची तरी न उघडलेली लग्नपत्रिका पडली होती, जाड कागदाची. चार घड्या घालून पायाखाली सरकवली. टेबल गच्च. एक मिनिटाचं काम. सीमाला चार वर्षांत सुचलं नाही.

वर सवलती किती दिल्या. मे महिन्यात आठ दिवस रजा मागितली, घरी कार्यक्रम आहे म्हणाली. मी चौकशी न करता चार दिवस दिले. तिसऱ्या दिवशी अर्जंट पोस्टर मागितलं तर तासाभरात आलं. म्हणजे मोकळीच बसली होती.

९ नोव्हेंबर

डाव पहिला. निनावी पत्र.

तळेगाव ढमढेरेजवळ अनुपमाताईंचं 'उजेड नेत्रसेवा मंडळ' आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं फुकट करतात. यंदा त्यांना वर्षभराची मोठी मोहीम करायची आहे. हे काम मिळालं तर 'करुणा ३६०' तरते. नाही मिळालं तर मला सासऱ्यांच्या खताच्या दुकानात बसावं लागेल. अनितानं, म्हणजे आमच्या सौं.नी, तसं सासऱ्यांशी बोलूनही ठेवलंय. पण तो मुद्दा गौण. मुख्य मुद्दा असा, की हे काम सीमाला मिळता कामा नये.

म्हणून अनुपमाताईंना तिचे दुर्गुण कळवले. एका फोटोसाठी अख्खा दिवस घालवते. म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास गप्पा मारत बसते. कवठे येमाईला रडणाऱ्या बायकांचे चाळीस उत्तम फोटो काढले होते, बायका नको म्हणाल्या म्हणून सगळे डिलीट केले. लाभार्थ्याला विचारल्याशिवाय एक ओळ छापू देत नाही. खाली सही: 'एक हितचिंतक'.

कच्चा मसुदा त्याच पाठकोऱ्या कागदावर लिहिला. याला म्हणतात काव्यगत न्याय.

१० नोव्हेंबर

पाकीट ऑफिसचं होतं. मागे आमचा लोगो आहे. पण लहान आहे. कोण बघतंय.

१४ नोव्हेंबर

अनुपमाताईंचा फोन. म्हणाल्या, विश्वजीतराव, सोडून गेलेल्या माणसाबद्दल इतकं भरभरून लिहिणारा मालक मी आजवर बघितला नाही. आम्हाला अशीच मुलगी हवी होती. तुमच्यामुळं तिचा शोध लागला. पत्र त्यांनी कमिटीसमोर वाचून दाखवलं म्हणे. टाळ्या पडल्या.

मी म्हणालो, आमचं असंच असतं.

३० तारखेला दोघांनाही प्रेझेंटेशनला बोलावलंय. म्हणजे डाव फसलेला नाही. शत्रूला मैदानात आणलं. तिथंच लोळवायचं, सगळ्यांदेखत.

१७ नोव्हेंबर

डाव दुसरा. हेरगिरी. दौंडला गेलो. गॉगल, टोपी, मफलर. स्टेशनजवळच्या एका जिन्याखाली उभा राहून 'ओळख'ची पाटी वाचायचा प्रयत्न करत होतो. जिन्यावरून आवाज आला, सर, आत या की, उन्हात कशाला उभे?

रेल्वेचं तिकीट काढायला आलो होतो असं सांगितलं. कुठलं विचारलं नाही. तिला बहुधा कळलं.

ऑफिस कसलं, दोन खुर्च्या, एक टेबल, एक कॅमेरा. तिनं चहा मागवला. माझा बिनसाखरेचा, न विचारता. रागानं कानशिलं तापली. दुश्मनाला साखर चालत नाही हे लक्षात ठेवणं हा शुद्ध डावपेच आहे. वर म्हणते, सर, पाटी वाचताना डोळे अजून बारीक करता, एकदा तपासून घ्या. मी म्हणालो, माझी नजर गरुडासारखी आहे.

तिचं टेबल हलत नव्हतं. खाली काही घातलेलंही नव्हतं. मुद्दाम वाकून पाहिलं.

परत येताना एसटीत खरं सांगायचं तर वाईट वाटलं. चार वर्षं रोज सकाळी दहाला ती समोर असायची. मग लगेच सावरलो. वाईट वाटणं सुडाला मारक.

२१ नोव्हेंबर

मिळालं! हुकमी अस्त्र!

तळेगावच्या आठवडे बाजारात फिरत होतो. एका कडेला गोणपाटावर एक म्हातारी वांगी घेऊन बसलेली. पायात काही नाही. लुगडं विटकं. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. उन्हामुळं डोळे मिटलेले, म्हणजे कॅमेऱ्यात साक्षात आंधळी. मला तर भडभडून आलं. असा चेहरा हजारात एक.

खटाखट अकरा फोटो मारले. म्हातारी म्हणाली, कोन रं तू? कुनाचा? फोटू कशापायी काढतुयास? मी म्हणालो, पेपरात येईल आजी. ती म्हणाली, उन्हाचा आलाईस, वांगी घिऊन जा घरला, पैसं ऱ्हाऊ दे. दीड किलो घातली पिशवीत. गरिबांचं मन किती मोठं असतं हे यातून दिसतं. हे वाक्य प्रेझेंटेशनमध्ये वापरायचं.

नाव विचारलं नाही. चहा पाजला नाही. एकूण वेळ चार मिनिटं. सीमाला याला दोन दिवस लागले असते.

२४ नोव्हेंबर

फ्लेक्स तयार. वीस बाय दहा. म्हातारीचा चेहरा काळा-पांढरा केला, पाठीमागे ढग टाकले. वर तीनच शब्द: 'निराधार. अंध. एकाकी.' खाली: 'हिचं या जगात कुणी नाही. तुम्ही आहात?' कोपऱ्यात संकल्पना, मी, गॉगलसह. या वेळी फोटो म्हातारीपेक्षा लहान ठेवलाय. टीकेला वाव नको.

अनिताला दाखवला. म्हणाली, वांगी मात्र फार छान होती हो. मग म्हणाली, ही बाई निराधार कशावरून? कानात सोन्याच्या बुगड्या आहेत.

नीट झूम करून पाहिलं. होत्या. मोती जडवलेल्या, ठसठशीत, दोन्ही कानांत. दहा मिनिटं विचार केला आणि मार्ग सापडला. बुगड्या पुसून टाकल्या. कुठल्या बटणानं पुसायच्या हे सीमानं मागे एकदा वहीत लिहून दिलं होतं, त्यावरून केलं. आता म्हातारी अगदी निराधार दिसते.

अनिता म्हणते, तरी ओळखीची वाटते. मी म्हणालो, दुःखाचा चेहरा सगळ्यांच्याच ओळखीचा असतो. हेही प्रेझेंटेशनमध्ये घ्यायचं.

३० नोव्हेंबर, सकाळी ७

सुडाचा दिवस. कडक इस्त्री. गॉगल. मंडळाच्या हॉलच्या दारावरच फ्लेक्स लावून घेतलाय, आत जाणाऱ्या प्रत्येकानं आधी माझं काम बघितलं पाहिजे. सीमाची शरणागती आली तर काय बोलायचं तेही ठरवलंय. "ये. उद्यापासून दहाला ये." बस. जास्त बोलायचं नाही.

३० नोव्हेंबर, दुपारी ४

फ्लेक्स उतरवला.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी ६

सगळं लिहून काढतो. पुढे कोर्टकचेरी झाली तर उपयोगी पडेल.

मंडळाचे एक विश्वस्त आहेत बाळासो. तीस एकर ऊस, सोसायटीचे चेअरमन, घरात तीन भाऊ, अकरा नातवंडं. ते दारात आले, फ्लेक्सकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मागून त्यांच्या मातोश्री उतरल्या. सखूबाई. मंडळाचं ऑपरेशन थिएटर ज्या जागेवर उभं आहे, ती जागा सखूबाईंनी दिलेली आहे. त्यांचा सत्कार होता आज.

बाजारात बसतात कारण घरात करमत नाही. बारा वर्षांच्या असल्यापासून बसतात. हे मला कुणी सांगितलंच नाही.

बाळासो हळू आवाजात म्हणाले, कोन म्हनलं आमच्या आईला कुनी न्हाई म्हनून? ओरडले असते तर बरं झालं असतं. सखूबाईंनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत बघितला. नजर एकदम स्वच्छ, मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीच झालंय. 'निराधार'वर काही बोलल्या नाहीत. 'अंध'वरही नाही. दोन्ही कानांना हात लावून म्हणाल्या, आन् माझ्या बुगड्या कुठं गेल्या? माझ्या सासूनं घातलेल्या हायेत त्या. मेल्याबिगर काढायच्या न्हाईत असं सांगून गेलीय. ह्या भाड्यानं जित्तेपनी काढल्या!

मग मला ओळखलं. कोपऱ्यातला फोटो होताच मदतीला. म्हणाल्या, ह्योच त्यो! दीड किलु वांगी दिली मी ह्याला!

बाळासोंनी पोरांना फोन लावायला मोबाईल काढला. तेवढ्यात सीमा पुढं आली. सखूबाईंच्या पायाशी बसली. म्हणाली, आजी, मी सरांना चार वर्षं ओळखते. मनात वाईट नव्हतं. विचारायचं राहून गेलं त्यांचं. माफ करा.

भर कमिटीसमोर मला वाचवलं. हा अपमान मी जन्मात विसरणार नाही.

सखूबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे बाळ्या. आदी ह्याचं डोळं तपासा. ज्याला बुगड्या दिसल्या आन् मानूस दिसलं न्हाई, त्याला काय मारायचं?

तपासणीची खुर्ची शेजारच्याच खोलीत होती. बाळासोंनी स्वतः बसवलं. चौथी ओळ मला वाचता आली नाही. तिसरीसुद्धा बाहेर ऐकून ऐकून पाठ झाली होती म्हणून वाचली. लांबचा अडीच नंबर निघाला, जवळचाही थोडा.

मोहीम 'ओळख'ला मिळाली. सीमानं प्रेझेंटेशन केलं नाही. तिचा फ्लेक्सही नव्हता. ती फक्त सखूबाईंशी बोलत बसली, सगळ्यांसमोर, दोन कप चहा होईपर्यंत. कमिटी ऐकत राहिली.

१ डिसेंबर

सूड घेणं बाकी आहे. तूर्त पुढे ढकललाय.

४ डिसेंबर

चष्मा आला. मंडळाकडून, फुकट. मी नको म्हणत होतो, सखूबाईंची अट होती. दुसरी अट अशी, की मोहिमेच्या पहिल्या पोस्टरवर माझा फोटो लागणार. 'पहिला लाभार्थी'. शिरूरच्या एसटी स्टँडवर.

सकाळी दहाला सीमा ऑफिसात आली. बरोबर दहाला. मी "ये" म्हणालो. "उद्यापासून" म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं पिशवीतून फॉर्म काढला. फोटोसाठी संमतिपत्र.

तिनं माझं नाव विचारलं. माहीत असून विचारलं. पूर्ण नाव सांगितलं. वय विचारलं. घरी कोण कोण आहे विचारलं. मग खालून दोन चहा मागवले. मग म्हणाली, सर, फोटो घेऊ का? गॉगल काढला, चष्मा लावला. तिनं काढला आणि मला दाखवला. म्हणाली, नको असेल तर पुसते. मी बघितला. म्हातारा होत चाललेला एक साधा माणूस होता. मी म्हणालो, राहू दे.

सही केली. खाली एक रकाना होता, फोटो घेणाऱ्याचं नाव. तिनं लिहिलं, सीमा सतीश साळवे. मी म्हणालो, साळवे कधीपासून? ती म्हणाली, मे महिन्यात लग्न झालं, सर. पत्रिका दिली होती की तुम्हाला. ते वृक्षारोपणाचं अर्जंट पोस्टर मी हळद लागलेल्या हातानं करून पाठवलं होतं, कीबोर्ड अजून पिवळा आहे.

हसून बोलली. मग चहाचे कप स्वतःच खाली देऊन गेली.

ती गेल्यावर टेबलाखाली वाकलो. पत्रिका ओढून काढली. घड्या उलगडल्या. मंगल परिणय. आतला मजकूर चष्म्यातून स्वच्छ वाचता आला. पाकिटावर तिच्या अक्षरात, त्या भिंतीवरच्या कागदाच्याच अक्षरात, लिहिलेलं: 'सर आणि अनितावहिनी. सर, तुम्ही आल्याशिवाय अक्षता टाकणार नाही.'

पत्रिका ड्रॉवरमध्ये नीट ठेवली. टेबल पुन्हा हलायला लागलंय, त्यामुळे आजचं अक्षर असं आलंय.