वळणावरचा माणूस

७ ऑक्टोबर, रविवार

आजपासून मी शेवटचा. आमच्या मोटरसायकल मंडळाच्या कॅप्टनने सगळ्यांदेखत सांगितलं — "काका, तुम्ही आता मागे राहा. अनुभवी माणूस मागे असलेला बरा." गोड बोलून नारळ दिला! पंधरा वर्षं या मंडळींच्या पुढे माझी गाडी होती. किल्ल्यामागचा दगडी रस्ता, जुन्या व्यापाऱ्यांच्या तळांचे चौथरे, नदीवरचा सात कमानींचा पूल — सुट्टीच्या दिवशी एकटा भटकून मी शोधले. आता कॅप्टनच्या हँडलवर फोन, आणि फोनमधली बाई सांगते डावीकडे वळा!

मेहुणा मात्र खूश. हिचा धाकटा भाऊ. शिंपीकाम करतो. बायको गेल्यावर दोन वर्षं दुकानाबाहेर पडला नव्हता; मीच ओढून काढला, मीच गाडी शिकवली. म्हणाला, "दाजी मागे आहेत म्हटल्यावर मला कसली भीती?"

९ ऑक्टोबर, मंगळवार

कारखान्यात लेथवर दिवसभर एकच माप. हात कामात, डोकं कॅप्टनच्या मागे. दोन नग बाद गेले.

१४ ऑक्टोबर, रविवार

आज जे केलं ते इथेच लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

आमचा नियम असा: वळायचा फाटा आला की सगळ्यात पुढच्याच्या लगेच मागे असलेली गाडी तिथे थांबते आणि बाकीच्यांना रस्ता दाखवते. सगळे गेले, शेवटचाही आला, की मग ती निघते. तोवर वळणावरच्या माणसाने हलायचं नाही. हा नियम मीच घालून दिलेला. मेहुण्याला तर बजावलं होतं — आभाळ कोसळलं तरी!

सकाळी मी म्हटलं, आज पुलावरून जाऊ, चार मैल जास्त पडतील. कॅप्टन म्हणाला, "पूलबिल नको काका. दगड काय, जिकडे तिकडे दगडच." आमच्यातला दंतवैद्य हसला. दंतवैद्य त्याच्या प्रत्येक वाक्याला हसतो. दात दाखवायचा धंदाच त्याचा.

पुलाचा रस्ता उजवीकडे फुटतो तिथे सगळे सरळ गेले. माझा हात आपोआप वळला असं लिहिणार होतो. खोटं. मी वळवला.

पुलावर तासभर बसलो. पाणी थोडं होतं, कमानींत पाखरं होती. देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले तर समोर कॅप्टन! वाटलं, शोधू दे. शेवटचा नसला की काय होतं ते कळू दे. पुढे चढावरच्या वळणावर कुणीतरी माझी वाट बघत उभं असणार, हे मला ठाऊक होतं. दंतवैद्याची पाळी असेल असं धरून चाललो. उभा राहू दे, म्हटलं. हसू दे तिथे एकटाच.

नदीकाठच्या रस्त्याने दोन वाजता मुक्कामी पोचलो. "पंक्चर," मी म्हणालो. "खाली वस्तीवर जाऊन काढून घेतलं, मग तसाच आलो." कॅप्टन म्हणाला, "मग शिंपी कुठाय? आम्हाला वाटलं, दोघं बरोबर असाल."

वळणावर मेहुणा होता.

तिथे फोन लागत नाही. सावली नाही. दंतवैद्यच उठला आणि न हसता गाडी काढली. साडेतीन वाजता दोघं आले. मेहुण्याची मान भाजलेली, ओठ फुटलेले. पाच तास! गाडीवरून उतरला तो. आणि पहिला शब्द — "दाजी, बरे आहात ना?"

कुणीतरी ओरडलं, "आला रे आला, खांब आला!" सगळे हसले.

मीही हसलो.

१५ ऑक्टोबर, सोमवार

ही भावाच्या मानेला मलम लावून आली. विचारलं, "पंक्चर झालं तुमचं, मग तुम्ही त्याच्या आधी कसे पोचलात?" सांगितलं, नदीकडून आलो. "हं," म्हणाली. तेवीस वर्षांत तिचा असा "हं" ऐकला नव्हता.

१७ ऑक्टोबर, बुधवार

आज प्रार्थनेला बसलो, अर्ध्यात उठलो. लहानपणी शाळेत गुरुजी म्हणायचे, खोटं बोललास तर देवाला कळतं. तेव्हा भीती वाटायची. आता वाटतं, देवाला कळलंय ते बरंच. माणसांना कळू नये.

२१ ऑक्टोबर, रविवार

पुढच्या महिन्यातली आठ दिवसांची फेरी ठरली. जुना सैन्यमार्ग, दोन्ही खिंडी, सरहद्दीवरचे पाच बुरूज. मेहुण्याने वर्षभर याच्याच गोष्टी केल्या. सगळ्यांच्या सामानासाठी मेणकापडाच्या पिशव्या त्याने स्वतः शिवल्या, प्रत्येकीवर ज्याचा त्याचा गाडी नंबर.

आज बैठकीला तो नव्हता, दुकानात होता. कॅप्टन म्हणाला, "खांबाला नको न्यायला. पाच तास उन्हात उभा राहतो, डोकं चालवत नाही! खिंडीत असं काही केलं तर कुणाच्या गळ्यात?"

दंतवैद्य म्हणाला, "अहो, पण नियम पाळला ना त्याने."

कॅप्टनचा होयबा म्हणावा असा माणूस, आणि तोच बोलला!

कॅप्टन माझ्याकडे वळला. "तुमचा मेहुणा आहे काका. तुम्ही सांगाल ते."

एक वाक्य पुरलं असतं. मी यादीवरची नावं वाचत बसलो. मग म्हणालो — हे मी म्हणालो — "तब्येतीनेही जरा नाजूकच आहे तो. बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

नाव खोडलं. आणि कॅप्टन म्हणतो, "काका, खिंडीत पुढे तुम्हीच राहा. तिकडचे रस्ते फोनला कळत नाहीत."

पंधरा दिवस ज्या शब्दांसाठी जळत होतो, ते मिळाले. थुंकून टाकावेसे वाटले.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

ही भावाकडे जाऊन आली. जेवायला वाढलं आणि आत निघून गेली. मेहुण्याने पिशव्या दुकानातल्या पोराकरवी कॅप्टनकडे पोचवल्या म्हणे. सगळ्या. माझीसुद्धा.

२४ ऑक्टोबर, बुधवार

काही नाही.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत मेहुणा कारखान्याच्या फाटकाशी आला. मानेवरची साल निघतेय. म्हटलं, "तुझं नाव राहिलं नाही, वाईट वाटलं." तो म्हणाला, "दाजी, त्या वळणावरून खाली सगळी दरी दिसते. तुम्ही पुलाकडे वळलात ते मी पाहिलं. पुलावर बसलेलेही दिसत होतात." विचारलं, मग निघाला का नाहीस? म्हणाला, "निघालो असतो तर काय पाहिलं ते सांगावं लागलं असतं. आणि वाटलं, राग गेला की याल." कुणालाच सांगितलं नाही त्याने. स्वतःच्या ताईलाही नाही. हे लिहितोय, आणि ही आत पोळ्या लाटतेय. सांगायचं तर आता मीच.